दोन 'नको'नंतर

पैज लागली ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिग्विजयच्या स्कूटरवर. स्कूटर त्याची, बसलो होतो मी, आणि तो बिचारा उभा राहून मीटिंग घेत होता. सेक्रेटरीला बसायला जागा द्यायची नसते, मीटिंग लवकर संपते.

विषय साधा होता. सव्वीस जानेवारीला आमच्या वारज्याच्या सोसायटीत सत्यनारायण असतो आणि पूजेनंतर पंगत. यंदा भोजन समितीचा प्रमुख मी. समितीत मी एकटाच असल्यामुळे निवडणूक शांततेत पार पडली होती. मी म्हटलं, यंदा पंगत बंद, बुफे करायचा. टेबलं मांडायची, भांडी ठेवायची, ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यायचं आणि घरी जायचं. वाढप्यांच्या मागे फिरायला नको, वाकून वाकून कंबर धरायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्यात मीटिंगमध्ये मान डोलावणं म्हणजे होकार नसतो, 'तुझं आटप, आम्हाला जायचंय' असा त्याचा अर्थ असतो. पण मी ठराव मंजूर धरला.

तेवढ्यात यज्ञेश्वरकाका बोलले. "बुफे म्हणजे हातात ताट घेऊन शिस्तीत मागितलेली भीक."

यज्ञेश्वरकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर पेठेतल्या शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाल्यावर वारज्यात आले, पण येताना पेठ बरोबर घेऊन आले. सोसायटीची पंगत म्हणजे काकांचं राज्य. कोटाच्या बाह्या सरसावून दोन रांगांमधून फिरायचे. इकडे मीठ नाही, तिकडे मठ्ठा नाही, ह्या पानावर जिलबी वाढा, अरे तो नको म्हणतोय म्हणून काय झालं. वर्षभर मोजकं बोलणारा माणूस त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलायचा.

मी म्हटलं, काका, आग्रहाचा जमाना गेला. ते म्हणाले, आग्रहाला जमाना नसतो, नियम असतो. आणि मग त्यांनी पार्किंगमध्ये आम्हा सगळ्यांना उभं करून नियम समजावला. पहिलं 'नको' हे वळण. भुकेनं जीव चालला असला तरी पहिल्यांदा नकोच म्हणायचं. दुसरं 'नको' ही वाढणाऱ्याची परीक्षा. दोनदा नको ऐकूनही जो हलत नाही, त्याचं मन खरं. तिसऱ्यांदा विचारायचंच नसतं, सरळ वाढायचं.

"आणि मी अजूनपर्यंत आग्रहाशिवाय घास खाल्लेला नाही," काका म्हणाले. "माणूस आहे तिथे आग्रह आहे."

आता माझी जीभ. लोक म्हणतात साईनाथच्या जिभेला हाड नाही. मी म्हणतो कशाला पाहिजे, अडत चालते तिच्यावर. मार्केट यार्डात माझा गुळाचा गाळा आहे. नेमका त्याच आठवड्यात माझ्याकडून गूळ नेणाऱ्या एकानं मला चार माणसांचा फुकट पास दिला होता. नवीन झालेलं मोठं हॉटेल, आत कॅसिनोचा हॉल, आणि रविवारी दुपारी तिथे बुफे. हॉटेलचं नाव सांगत नाही. सांगितलं तर परत आत घेणार नाहीत, आणि तसंही ते घेतील असं मला वाटत नाही.

मी म्हटलं, काका, चला. तिथे तुम्ही खुर्चीवर बसायचं, उठायचं नाही, वाढायच्या डावाला हात लावायचा नाही. त्या हॉटेलात कोणीही, म्हणजे वेटर, मॅनेजर, जुगारी, मालक, अगदी कोणीही, तुमची दोन 'नको' ऐकून तिसऱ्यांदा वाढलं तर मी हरलो.

"हरलास तर?"

"तर पंगत. आणि सगळी पंगत मी वाढतो, धोतर नेसून. एकही पान आग्रहाशिवाय उठणार नाही."

"आणि मी हरलो तर?"

"तर बुफे. रांगेत पहिला नंबर तुमचा, हातात प्लेट. आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, 'छान सोय केलीय.'"

काकांनी हात पुढे केला. पंच म्हणून दिग्विजय, कारण पासावर चौथी जागा होती आणि तो निःपक्षपाती माणूस आहे, जो जेवायला नेईल त्याच्या बाजूनं. तिसरी जागा माझ्या बायकोची, भाग्यश्रीची. दोघांना मी आधीच शपथ घातली की तुम्ही काकांना वाढायचं नाही. सगळ्या फटी बुजवल्या. निदान मला तरी तसं वाटलं.

रविवारी काका खाली आले ते कोट, टोपी आणि इस्त्रीचं धोतर अशा थाटात. मी त्यांना विचारलं, काका, लग्नाला निघालात का. ते म्हणाले, "तुझ्या हरण्याला."

पुण्यात कॅसिनो म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. घाबरू नका. खऱ्या पैशाचा खेळ नाही. आत शिरताना प्रत्येकाला वाटीभर प्लॅस्टिकच्या चकत्या देतात, लाल, हिरव्या, सोनेरी. त्या लावायच्या, चाक फिरवायचं, जिंकलात तर हॉटेलचं नाव छापलेली टोपी. म्हणजे पुणेकरांना परवडेल असा जुगार. भाग्यश्रीनं आपली वाटी हातात घेतली, एक सोनेरी चकती उजेडात धरून बघितली आणि सगळी वाटी पर्समध्ये ओतली. संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं होतं. वाणाचा प्रश्न सुटला. मग तिनं माझ्या वाटीकडे बघितलं. तीही दिली. मग दिग्विजयच्या वाटीकडे. दिग्विजयनं आपली वाटी मागे लपवली तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली की तुमच्या मिसेसलाही बोलावणार होते.

हॉल असा की दिवस आहे की रात्र कळू नये. खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. डोक्यावर झुंबरं, पायाखाली घोटा बुडेल असा गालिचा. एका बाजूला चाकं आणि पत्त्यांची टेबलं, दुसऱ्या बाजूला जेवण. जेवण किती, तर मंडई उभी केल्यासारखं. सगळीकडे झाकणं चमकतायत, आणि बर्फाचा एक घोडा, त्याच्या पाठीवर कलिंगड. घोड्यावर कलिंगड का, हे मी विचारलं नाही. मोठ्या ठिकाणी असले प्रश्न विचारले की आपण लहान दिसतो.

काका खुर्चीवर बसले, ताठ. समोर पांढरी बशी. त्यांनी ग्लासातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं आणि रीतीप्रमाणे बशीभोवती फिरवलं. लगेच एक पोरगी आली आणि टेबल पुसून गेली. काकांनी परत पाणी फिरवलं. ती परत आली, परत पुसलं. तिसऱ्यांदा काकांनी हात ग्लासाकडे नेला तेव्हा ती फडका घेऊन आधीच उभी होती. शेवटी काकांनी पाण्याचा नाद सोडला. मी मनात म्हटलं, पहिली विकेट.

मग खरा खेळ सुरू झाला. तीच पोरगी ट्रे घेऊन आली. "सर, पनीर टिक्का?"

"नको," काका म्हणाले. म्हणजे वळणानं.

"शुअर सर," ती म्हणाली आणि गेली.

शुअर सर. इतके गोड दोन शब्द मी आजवर ऐकले नव्हते. काका तिच्या पाठीकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं ती दुसरा ट्रे आणायला गेली असेल. ती खरंच दुसरा ट्रे घेऊन आली, पण शेजारच्या टेबलावर. मग एक जण सूप घेऊन आला. नको. शुअर सर. मग डोक्यावर उंच टोपी घातलेला आचारी स्वतः आला आणि म्हणाला, पास्ता बनवून देऊ का, तुमच्यासमोर. काका म्हणाले, कशाला उगीच. आचारी म्हणाला, नो प्रॉब्लेम सर, आणि गेला. एवढा उंच टोपीवाला माणूस एका 'कशाला उगीच'नं माघारी फिरतो, हे काकांच्या पचनी पडेना. पचायला पोटात दुसरं काही नव्हतंच.

दिग्विजय तोंडात घास ठेवून प्रत्येक वेळी निकाल द्यायचा. "एकच नको झालं. धरता येत नाही."

मी काय करत होतो? मी काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवत होतो. नुसता जेवत नव्हतो, समालोचन करत होतो. काका, हे जे आहे ना, ह्याच्यात केशर आहे. काका, हे तोंडात घातलं की आपोआप विरघळतंय, दातांना सुट्टी. काका डोळे मिटून बसले होते. रामरक्षा म्हणत असावेत, किंवा पाढे.

तेवढ्यात तिकडे गोंधळ झाला. भाग्यश्री बुफेला उजवीकडून निघाली होती. तिचं म्हणणं, अन्नाभोवती फिरायचं तर प्रदक्षिणेसारखंच. हॉटेलची रांग उलटी येत होती, म्हणजे गोड शेवटी. हिनं गोडापासून सुरुवात केलेली. घोड्यापाशी दोन्ही रांगा समोरासमोर आल्या आणि संध्याकाळी वारज्याच्या पुलावर होतं तसं झालं. कोणी मागे जाईना. मी सोडवायला गेलो तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, काका काल रात्रीपासून जेवले नाहीत."

मी म्हटलं, का?

"आग्रह होईल म्हणून. पोटात जागा ठेवलीय त्यांनी."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मोठ्यानं हसलो. ती हसली नाही. म्हणाली, नीरजाकाकू गेल्यापासून त्यांचं जेवण म्हणजे डब्यातली पोळी अर्धी खायची, अर्धी कावळ्याला. अजून घ्या म्हणणारं घरात कोणी नाही, आणि स्वतःहून घ्यायचं वळण नाही. "वर्षात एक दिवस ते पोटभर जेवतात, आपल्या पंगतीला. तो पण तुम्ही काढून घ्या. एकदम छान सोय करा."

असं काहीतरी बायको बोलली की नवऱ्यानं गप्प बसावं. पण मी म्हटलं, पैज ती पैज. आणि मी रबडी घेऊन टेबलाकडे परत आलो.

इकडे टेबलाभोवती माणसं जमली होती. दिग्विजयला कोणीतरी विचारलं की आजोबा का जेवत नाहीत, आणि त्यानं सगळी पैज सांगून टाकली. कॅसिनोतली माणसं ती. चाक सोडून इकडे आली. पत्ते वाटणाऱ्या मुलीनं, तेजस्विनी असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर होतं, आमच्या टेबलावर दोन बशा ठेवल्या. एक 'काका जेवणार', एक 'काका उपाशी'. लोक चकत्या टाकायला लागले. मीही टाकल्या असत्या, पण माझ्या चकत्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या.

काकांना हे कळलं तेव्हा ते आणखी ताठ बसले. आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलेला माणूस. प्रेक्षक आले की त्यांना बळ येतं.

आणि मग आला चेतन. चेतन म्हणजे वेटर, वाशिमकडचा. हातात गुलाबजामचं भांडं. त्यानं काकांसमोरची कोरडी बशी बघितली आणि त्याचा चेहराच बदलला.

"काका, गुलाबजाम घ्या."

"नको."

आता तो 'शुअर सर' म्हणेल म्हणून मी वाट बघतोय. तर तो म्हणाला, "थोडंसं तं घ्या नं काका. असं रिकाम्या ताटावर बसते का कोणी?"

दिग्विजयचा चमचा हवेत. काकांच्या डोळ्यांत असा उजेड आला की झुंबरं फिकी पडली. अत्यंत समाधानानं, एकेक अक्षर सुटं करत ते म्हणाले, "न-को."

दोन झाली. चेतनचा डाव भांड्यात गेला. गुलाबजाम वर आला. पाक टपकतोय. आणि माझ्या डोळ्यांसमोर धोतर नेसलेला मी आलो, हातात जिलबीचं तबक, आणि सगळी सोसायटी फोटो काढतेय.

मी उठून चेतनच्या कानाला लागलो. म्हटलं, अरे बाबा, त्यांना शुगर आहे, भयंकर. डॉक्टरांनी एक कणसुद्धा गोड देऊ नका म्हणून सांगितलंय. तुझ्या हातून काही झालं तर?

चेतननं गुलाबजाम असा परत ठेवला जसा काही विंचू होता. आणि गेला. मी खाली बसलो आणि माझ्या हुशारीवर मलाच प्रेम आलं. दिग्विजयनं जाहीर केलं, दोन झाली, तिसऱ्यांदा वाढलं नाही, धरता येत नाही. 'काका उपाशी' बशीत चकत्यांचा पाऊस.

पण मोठ्या हॉटेलात काही सांगितलं की ते तिथल्या तिथे राहत नाही. आपल्याकडे वेटरला सांगा, तो विसरतो. इथे चेतननं कॅप्टनला सांगितलं, कॅप्टननं मॅनेजरला, आणि मॅनेजर फाइल घेऊन आला. काळा कोट, कानात वायर. "सर, ॲक्चुअली गेस्टला मेडिकल कंडिशन असेल तर आमचा एक प्रोटोकॉल आहे." त्या प्रोटोकॉलमध्ये काकांच्या टेबलाच्या आसपास असलेलं सगळं गोड उचललं गेलं. माझी रबडीसुद्धा. मग भात उचलला. मग बटाटा. शेवटी उकडलेली घेवड्याची शेंग आली, एका बशीत आडवी, एकटी. काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी 'नको' म्हणायच्या आत ती नेली, कारण तिची वरून परवानगी घ्यायची राहिली होती.

त्यानंतर आली हॉटेलची नर्स. तिनं काकांच्या बोटाला सुई टोचली. काका म्हणाले, हे काय जेवणाआधीचं आहे का? नर्सनं मशीन बघितलं, परत बघितलं आणि विचारलं, आजोबा, शेवटचं कधी खाल्लं? काका म्हणाले, काल दुपारी. ती मॅनेजरला म्हणाली, साखर वाढलेली नाहीच, उलट खाली आहे, ह्यांना आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड द्या.

मी म्हटलं, द्या की मग. पैज गेली खड्ड्यात.

मॅनेजर म्हणाला, "सर, रेकॉर्डला डायबेटिक आहेत. आम्ही गोड देऊ शकत नाही."

नर्स म्हणाली, मशीन सांगतंय तसं नाहीये. मॅनेजर म्हणाला, मशीन बरोबर असेल, पण फाइलमध्ये डायबेटिक आहे. मी म्हटलं, ते मी सांगितलं होतं, आणि मी खोटं सांगितलं होतं. त्यानं मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, आपण पेशंटचे कोण? मी म्हटलं, खालच्या मजल्यावरचा. तो म्हणाला, नातेवाइकाचं लेखी लागेल. काकांचा मुलगा आमोद बंगळूरला. त्याला फोन लावला, तो उचलेना. काका स्वतः म्हणाले की मला काही झालेलं नाही. मॅनेजर अत्यंत नम्रपणे म्हणाला, सर, तुमचं तुम्हाला डिक्लेअर करता येणार नाही, तुम्ही पेशंट आहात. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सरकारी कचेऱ्या बघितल्या, पण गालिचा आणि झुंबर असलेली ही पहिलीच. सरकारी कचेरीत निदान उद्या या म्हणतात. इथे 'प्लीज एन्जॉय' म्हणत होते.

मग मॅनेजर आपल्या डॉक्टरला फोन लावायला गेला. नर्स त्याच्या मागे भांडत गेली. चेतन भिंतीला टेकून उभा होता, रडायच्या बेतात. आणि मला काका दिसले. म्हणजे समोर होतेच, पण मी इतका वेळ त्यांच्याकडे पैज म्हणून बघत होतो. कपाळावर घामाचे थेंब. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली. समोर अख्खी मंडई मांडलेली, आणि हा माणूस कोरड्या बशीसमोर बसलाय, कारण त्याला कोणी घ्या म्हणत नाही. भाग्यश्री माझ्याकडे बघत होती. तिला मी शपथ घातलेली. दिग्विजयलाही घातलेली.

मी उठलो. चेतनच्या शेजारच्या गाडीवरून गुलाबजामचं भांडं उचललं. "सर, अलाउड नाही," असं कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, मला पण नाही.

"काका, घ्या."

त्यांनी वर बघितलं. आवाज बारीक झाला होता, पण वळण वळण असतं. "नको."

"घ्या हो."

"नको रे साईनाथ."

मी गुलाबजाम बशीत वाढला. एक नाही, दोन. वरून पाक. "माझी शपथ आहे तुम्हाला. खा गुमान."

काकांनी पहिला गुलाबजाम अख्खा तोंडात घातला. डोळे मिटले. दुसरा निम्मा केला. चेहऱ्यावर रंग यायला लागला, जसा विझत आलेल्या चुलीवर फुंकर मारल्यावर येतो तसा. मी खाली बसलो. पाठीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं.

काकांनी तोंड पुसलं. मग हळूच दिग्विजयकडे वळून म्हणाले, "पंच, किती 'नको' झाली?"

दिग्विजय म्हणाला, "दोन."

"आणि मग?"

"वाढलं."

"हॉटेलातल्या कोणीही म्हणाला होता ना हा?"

मला समजायला तेवढा वेळ लागला जेवढा शेजारच्या बशीतल्या चकत्या तेजस्विनीनं ओढून घ्यायला लागला. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मी म्हटलं, काका, ही फसवणूक आहे, तुम्हाला चक्कर येत होती. काका म्हणाले, "चक्कर खरीच होती. आग्रहही खरा होता. म्हणून तर तू हरलास." मग ते चेतनला म्हणाले, ये रे, आता पहिल्यापासून वाढ. चेतन धावला. मॅनेजर फाइल घेऊन परत आला तेव्हा काका मसालेभातावर होते, आणि चेतन त्यांना विचारतच नव्हता, नुसता वाढत होता.

मॅनेजरनं मला बाहेर जायची विनंती केली. प्लीज म्हणाला, पण दार उघडून धरलं होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं, मग पूजा झाली आणि मग मी धोतर नेसून पार्किंगमध्ये उतरलो. धोतर काकांनीच नेसवलं होतं. इतकं घट्ट की मला श्वास वरच्या वर घ्यावा लागत होता. पानं मांडलेली, कोशिंबीर, चटणी, अळूची भाजी सगळं जागच्या जागी. दोन रांगांमध्ये काका कोटाच्या बाह्या सरसावून. माझ्या हातात जिलबीचं तबक.

मला वाटलं होतं, लोक हसतील. हसणं परवडलं असतं. आग्रह करायचा म्हणजे लोकांनी खायला पाहिजे, आणि माझ्या हातचं खायला कोणी तयार होईना. मागे मी लिफ्टमध्ये 'कृपया उजवा पाय आधी ठेवावा, वजनाचा प्रश्न आहे' असा कागद लावला होता आणि लोक दोन महिने पाळत होते. ते त्यांना आठवत होतं. पहिल्याच पानावरच्या माणसानं जिलबी उलटसुलट करून बघितली. दुसऱ्यानं आधी मलाच खायला लावली. तिसऱ्या बाई म्हणाल्या, साखरेच्या जागी काय घातलंय ते खरं सांगा. मी हात जोडले, शपथा घेतल्या, आईची आण घातली. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि कोणाला पटत नव्हतं. काका मागून ओरडत होते, "पुढे सरकू नकोस, ह्या पानावर अजून एक. दोन नको झाली की वाढ. झाली का? मग वाढ." माझी कंबर मोडली. मठ्ठा माझ्याच धोतरावर सांडला. लोकांनी फोटो काढले. ते सोसायटीच्या ग्रुपवर आहेत.

सगळ्यांची पानं उठली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं असतं, म्हणून काकांनी माझं एकट्याचं पान मांडलं, पार्किंगच्या मधोमध. मी म्हटलं, काका, नको, वरच जाऊन जेवतो.

काका म्हणाले, एक झालं.

मी मान वर केली. दिग्विजय जिलबीचं तबक घेऊन उभा होता. त्याच्या मागे मघाच्या साखरेची चौकशी करणाऱ्या बाई, मसालेभाताचं पातेलं घेऊन. त्यांच्या मागे भाग्यश्री, तिच्या मागे सगळी सोसायटी, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. ओळ पार गेटपर्यंत. मी म्हटलं, अहो नको, खरंच नको, हे माझं शेवटचं सांगणं.

"दोन झाली," दिग्विजय म्हणाला आणि चार जिलब्या वाढल्या.

काकांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली, कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि पायावर पाय टाकून निवांत बसले.

"सावकाश होऊ दे, साईनाथ," ते म्हणाले. "कोणालाही घाई नाही."